मला कडाच आवडतात

पाप-पुण्याचे प्रश्न देवळात सुटतात, कोर्टात वाढतात, पण जन्माला येतात ते स्वयंपाकघरात, असं माझं फार दिवसांचं मत आहे. चोरी म्हणजे काय हे आपण साखरेच्या डब्यापाशी शिकतो. खोटं बोलण्याची पहिली तालीम लाडवाच्या डब्यासमोर होते. आणि वाटणीतला न्याय-अन्याय समजायला कुठलाही कायदा वाचावा लागत नाही, मालवणातल्या एखाद्या घरात दुपारी जेवायला बसलं की पुरे. सुरमईची मधली तुकडी कोणाच्या ताटात पडते आणि शेपटीकडची कोणाच्या, एवढं नीट पाहिलं तर त्या घराची राज्यघटना कलमांसकट वाचता येते.

मी आज ज्या प्रश्नाविषयी लिहिणार आहे तो मात्र माशाचा नाही. तो गोड फ्रेंच टोस्टच्या रोलचा आहे. नाव ऐकून दचकू नका. पदार्थ तसा गरीब आहे. पावाचा म्हणजे स्लाइस ब्रेडचा काप घ्यायचा, त्याच्या चारी कडा सुरीने उडवायच्या, उरलेला पांढरा चौकोन लाटण्याने पोळीसारखा पातळ लाटायचा. त्यावर एका कडेला बोटभर गोड सारण ठेवायचं, सुरळी करायची, ती दूध घालून फेटलेल्या अंड्यात बुचकळायची आणि तव्यावर तुपात चारी बाजूंनी तांबूस होईपर्यंत फिरवायची. गरम असतानाच दालचिनीची पूड मिसळलेल्या पिठीसाखरेत लोळवायची. झाला रोल. मुंबईत आत जॅम घालतात, चॉकलेट घालतात, आणखीही काय काय घालतात. आमच्या धुरीवाड्यातल्या घरात चून घालतात. चून म्हणजे ओलं खोबरं आणि गूळ, वेलचीची पूड घालून परतलेलं. हेच चून चतुर्थीला मोदकात असतं, नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्यांत असतं, आणि शेजारच्या गोव्यात धिरड्यासारख्या पोळ्यात गुंडाळून त्याला आलेबेले म्हणतात. चुनाला जातपात नाही. ज्याच्यात घालाल त्याच्यात ते सुखाने नांदतं.

हा पदार्थ आमच्या घरात आणला सूनबाईने. मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात मुंबईहून मे महिन्यात येतात. तेव्हा आंबे, फणस, काजूगर, मासळी असा सगळा थाट असूनही नातीला सकाळी पावच लागतो. त्यामुळे बेकरीतून लाद्या आणि ब्रेडचे पुडे येत राहतात आणि रोज थोडे उरत राहतात. उरलेल्या ब्रेडचं काय करायचं, या घरगुती अडचणीतून हा तात्त्विक प्रश्न उभा राहिला. अर्थात ही अडचण काही आमच्या घराची खासगी नव्हे. तिला निदान दीड हजार वर्षं झाली आहेत.

अपिकियस या नावाने चालत आलेला रोमन पाककृतींचा एक जुना लॅटिन संग्रह आहे. त्यात पांढऱ्या पावाचे मोठे तुकडे दुधात भिजवून, तळून, वर मध ओतायला सांगितलेलं आहे. म्हणजे टोस्ट फ्रेंच होण्याच्या पुष्कळ आधी रोमन होता. फ्रेंच लोक त्याला स्वतःचं नाव देतच नाहीत. ते म्हणतात, 'गमावलेला पाव'. जर्मन भाषेत त्याचं नाव 'गरीब सरदार' असं आहे. सरदारकी शाबूत आणि घरात शिळा पाव, ही अवस्था कोकणातल्या जुन्या खोतांच्या वंशजांना समजावून सांगायला नको. स्पेनमध्ये तो ईस्टरच्या आधीच्या उपासांत करतात, पोर्तुगालमध्ये नाताळात. आपल्याकडे त्यालाच राजवस्त्रं चढवून शाही टुकडा केला. सगळ्या जगाने एकच गोष्ट केलेली दिसते. काल उरलेल्याला आज तुपात घालून त्याची अब्रू झाकली.

आमच्या बाजूला पावाचा इतिहास मात्र जरा नाजूक आहे. पाव हा शब्दच पोर्तुगीज. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात आला, माडाच्या सुरेने फुगला आणि पोदेराच्या टोपलीतून हळूहळू उत्तरेकडे सरकला. पोर्तुगीजांनी विहिरीत पावाचा तुकडा टाकला, ते पाणी प्यायलं म्हणून गावच्या गाव बाटलं, ही गोष्ट लहानपणी न ऐकलेला माणूस या किनाऱ्यावर सापडायचा नाही. गोष्टीत खरं किती हा भाग वेगळा. पण जो धर्म एका भिजक्या पावाने बुडतो तो धर्म आधीच किती पाण्यात उभा असेल, हा विचार मला लहानपणीच आला होता. मोठ्या माणसांसमोर बोललो नाही एवढंच.

त्या काळी पावाविषयीचा नैतिक प्रश्न होता, 'कोणी केला?' 1849 साली मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडायला निघालेली ही मंडळी. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आज न्याहारीला आपण जे निमूट खातो ते त्या काळी क्रांतिकार्य होतं, आणि तेही गुप्तपणे करावं लागे. पुढे 1860 च्या सुमाराला सभासदांची यादी फुटली आणि सभाही फुटली. चहाचीही तीच गत. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे, टिळक अशा थोरांवरचं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. माझी आजी तर पावाला हातही लावत नसे. पण तीच आजी मालवणी मसाल्यात मूठमूठ लाल मिरच्या घालायची. ती मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या जहाजातूनच इथे उतरलेली. काजूही त्यांच्याच बोटीने आलेला, नावासकट. एकाच बोटीतून उतरलेल्या तिघांपैकी मिरची सोवळ्यात गेली, काजू प्रसादात गेला आणि पाव तेवढा बाटगा ठरला. यावरून धर्मापेक्षा जिभेचा वशिला मोठा, असा निष्कर्ष मी काढला आहे. तो मी कोणावर लादत नाही.

आता पाव कोणी केला हे कोणी विचारत नाही. आता विचारतात, 'कधी केला?' पुड्यावरची तारीख चष्मा लावून वाचतात. म्हणजे सोवळं गेलेलं नाही, ते फक्त जातीवरून तारखेवर आलं आहे. तसा शिळ्या अन्नाला आपल्याकडे मान कधीच नव्हता. गीतेने सतराव्या अध्यायात शिळं अन्न सरळ तामसी लोकांच्या आवडीत टाकलं आहे. पण आपला धर्म व्यवहाराला सुटी देण्यात मोठा दिलदार. त्याने श्रावणात शिळासप्तमी ठेवली. त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशीचं खायचं. म्हणजे वर्षातून एक दिवस शिळं खाणं हे पुण्य. उरलेले दिवस ते काय, हे ज्याने त्याने आपल्या घरातल्या बायकांना विचारावं. तिकडे आपण पुढे वळणारच आहोत.

या शिळेपणावरून आमच्या घरात सासू-सुनेत, म्हणजे माझी बायको आणि सूनबाई यांच्यात, एक सभ्य वाद झाला. बायकोचं म्हणणं, पदार्थ शिळा पाव संपवण्यासाठी आहे, तर शिळाच घ्यावा. सूनबाईचं म्हणणं, साधा टोस्ट शिळ्याचा चांगला होतो, तो दूध पितो आणि तरी मोडत नाही. पण रोलला लाटावं लागतं, आणि शिळा काप लाटला की त्याला भेगा पडतात. म्हणून ताजा पुडा आणावा. दोघींचंही बरोबर होतं, त्यामुळे वाद मिटेना. मी सहज म्हणालो, शिळं संपवण्याच्या पदार्थासाठी ताजं आणायचं, म्हणजे भंगार ठेवायला नवीन खोली बांधण्यासारखं आहे. दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं.

मला मात्र या वादात विज्ञान बायकोच्या बाजूने दिसतं. पाव शिळा होतो तो वाळल्यामुळे, असं आपण समजतो. बूसँगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1852 साली दाखवून दिलं, की ओल जाऊ दिली नाही तरीही पाव शिळा होतोच, आणि पुन्हा तापवला की पुष्कळसा मऊ होतो. पिठातलं स्टार्च भाजताना सैल होतं आणि निवल्यावर पुन्हा ताठ व्हायला लागतं. फ्रिजमध्ये तर ते लवकर ताठतं. म्हणजे शिळेपण ही मरणाची नव्हे, नुसती आखडल्याची अवस्था आहे. थोडी ऊब मिळाली की पाव पुन्हा माणसात येतो. (ही गोष्ट नुसत्या शिळ्या पावाची. पावसाळ्यात आमच्याकडे दोन दिवसांत हिरवी बुरशी चढते, त्या पावाला कोणतंच तत्त्वज्ञान लागू नाही, तो टाकावा.) बायकोने बूसँगोचं नाव ऐकलेलं नाही. तिने मोदकपात्रात पाणी उकळलं आणि शिळे काप वाफेवर अर्धा मिनिट धरून सुनेच्या हातात दिले. ते निमूट लाटले गेले. वाद संपला. रोल झाले, आणि असे झाले की चतुर्थीला मोदकांनी थोडं सांभाळून राहावं.

इथपर्यंत सगळं गोड झालं. कोणी केला, कधी केला, दोन्ही प्रश्न निकालात निघाले. तिसरा प्रश्न ओट्यावर एका वाडग्यात पडून होता. कापलेल्या कडांचा. बारा कापांच्या अठ्ठेचाळीस कडा.

शिळा पाव वाचवायला निघालेला हा पदार्थ, वाचवता वाचवता नवीन शिळं तयार करतो. कडा काढायची रीत आजची नाही. तो रोमन संग्रहसुद्धा पावाची वरची साल आधी काढून टाकायला सांगतो. त्या काढलेल्या सालीचं पुढे काय करायचं, हे मात्र सांगत नाही. रोमन साम्राज्याची बाकी सगळी बित्तंबातमी इतिहासकारांनी काढली. सेनापती कोण, सम्राट कोण, कोणाला कोणी भोसकलं. पण कडा कोणी खाल्ल्या? मला वाटतं, रोममध्येही स्वयंपाकघराच्या दाराआड एक म्हातारी बाई असणार आणि ती लॅटिनमध्ये तेच म्हणत असणार जे आमची आई मालवणीत म्हणते :

"माका कडोच आवडतत."

आई शहाऐंशी वर्षांची आहे. तिला काय काय आवडतं याची यादी मी एकदा मनाशी केली. माशाचं डोकं आणि शेपूट. भाताची खरवड. आंब्याची बाठ. पहिली बिघडलेली आंबोळी. मोडका मोदक. रात्रीचा उरलेला भात, सकाळी ताकात. आणि आता पावाच्या कडा. या यादीत एक गंमत आहे. तिला जे जे आवडतं ते ते दुसऱ्या कोणाला नको असतं. एवढी सोयीची आवड निसर्गात सहसा आढळत नाही.

आता प्रश्न असा, की आई खोटं बोलते का? कान्ट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ याबाबत भयंकर कडक. त्याने 1797 साली निबंध लिहून बजावलं, की खुनी जरी दारात येऊन तुमचा मित्र घरात आहे का असं विचारू लागला, तरी खोटं बोलू नये. कान्टने लग्न केलं नव्हतं. त्याच्या घरी कडांची वाटणी करण्याचा प्रसंग फारसा आला नसावा. आपला धर्मराज त्यामानाने संसारी. अश्वत्थाम्याच्या वेळी तो अर्धं खरं हळू आवाजात बोलला, तेवढ्याने त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली आला. आमची आई गेली साठ-पासष्ट वर्षं 'मला आवडतं' म्हणते आहे आणि तेही मोठ्याने. तिचा रथ एव्हाना पाताळात जायला हवा होता. तो तर मला कायम जमिनीपासून वीतभर वरच दिसतो.

पण कदाचित ती खोटं बोलतच नसेल. साठ वर्षं बाठ चोखली की बाठ आवडू लागते. गोष्टीतला कोल्हा म्हणतो, द्राक्षं आंबट आहेत. घरातली बाई त्याच्याही पुढे जाते. ती म्हणते, द्राक्षं असतील गोड, मला देठच आवडतात. अमर्त्य सेन यांनी हे अर्थशास्त्रात मांडलं आहे. ज्यांच्या वाट्याला नेहमी थोडंच येतं ती माणसं आपली इच्छाच त्या मापाची कापून घेतात. म्हणून 'मी समाधानी आहे' एवढ्या एका उत्तरावरून त्यांचं बरं चाललंय असं मानू नये. सेनांना 1998 साली नोबेल मिळालं. त्यांनी याचा अभ्यास कुठे केला मला ठाऊक नाही, पण कोणाही मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात दुपारी दोन वाजता, सगळ्यांची पानं उठल्यावर, सगळा पुरावा एका ताटात मिळाला असता.

बाईला मधला भाग मिळण्याचा एक काळ असतो, नाही असं नाही. पोर्तुगालमध्ये याच टोस्टला बाळंतिणीचे काप असंही एक नाव आहे. आपल्याकडे अळिवाचे आणि डिंकाचे लाडू असतात. तेव्हा तिला बसवून, आग्रह करून खायला घालतात. बाळाचं दूध सुटलं की आग्रहही सुटतो. मग ती उठते आणि पुन्हा कडांकडे वळते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कडा वाईट असतात असं मुळीच नाही. भट्टीत पावाचा बाहेरचा भाग जास्त तापतो आणि तांबूस होतो. 1912 साली माइयार नावाच्या फ्रेंच माणसाने ज्या क्रियेचं वर्णन केलं, ती तिथेच घडते आणि भाजलेल्या पावाचा खमंग वास मुख्यतः तिथेच जन्मतो. मधला भाग मऊ असतो, गोरा असतो, पण चवीने तसा पोकळ. समाजातही साधारण असंच असतं. तेव्हा आई म्हणते ते खरंही असेल. सगळ्यांना मऊ मऊ देऊन तीच साठ वर्षं खरी चव एकटी खात आली असेल. मग दया कोणाची करायची? झाली ना पंचाईत! कान्ट, धर्मराज, सेन आणि माइयार अशी चार मोठी माणसं एका वाडग्याभोवती बसली आहेत आणि निकाल लागत नाही.

निकाल लावला नातीने. रोल खाऊन तिचं तोंड साखरेने माखलं होतं. पणजी चहात कड बुडवून खाते आहे आणि 'आवडतत' म्हणते आहे, हे तिने ऐकलं. लहान मुलांची एक अडचण असते. मोठी माणसं बोलतात ते त्यांना खरं वाटतं. एवढी चांगली वस्तू आपल्याला कशी दिली नाही, म्हणून ती सरळ जाऊन वाडग्यात हात घालू लागली. आईने वाडगा मागे ओढला.

"कडो खाव नको गो बाय. तू मधला खा."

मी ते ऐकलं आणि मला वाटलं, कान्टला जर्मनीत जे सापडलं नाही ते इथे सापडलं. माणसाला काय खरोखर आवडतं हे त्याला विचारून कळत नाही. ते नातवंडाला, पतवंडाला तो काय देतो यावरून कळतं. आमच्या आईने हापूस आंबा कधी कोणा पोरापासून मागे ओढलेला नाही. मोदक, खाजं, काजूगर, जे जे तिला चांगलं वाटलं ते तिने आधी पोराच्या हातावर ठेवलं. कडा मात्र मागे ओढल्या. वाडगा खोटं बोलत नाही.

नातीने अर्थातच ऐकलं नाही. तिने एक कड ओढून घेतली, पणजीच्याच चहात बुडवली आणि खाल्ली. खाऊन म्हणाली, "छान आहे की!" म्हणजे माइयारही खरा ठरला आणि सेनही खरे ठरले. वस्तू चांगलीच होती. फक्त ती साठ वर्षं एकाच माणसाच्या वाट्याला का यावी, याला चव हे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून सूनबाईने घरात नियम केला आहे : ज्याचा रोल त्याच्या कडा. प्रत्येकाच्या बशीत दोन रोल, आणि शेजारी तुपात परतून साखर भुरभुरवलेल्या आठ कडा. शेजारी अचानक आला तर त्यालाही कडांसकट. पहिल्या दिवशी सगळे जरा बिचकले. नंतर असं दिसलं, की अठ्ठेचाळीस कडा सहा जणांत वाटल्या की कोणालाच जड जात नाहीत. शिळ्याचंही तेच. ते एकाच्या गळ्यात पडलं की अन्याय होतो, आणि सगळ्यांनी मिळून खाल्लं की पदार्थ होतो. फ्रेंच लोकांनी त्याला गमावलेला पाव म्हटलं, कारण पाव वाचला का एवढंच त्यांनी पाहिलं. पाव वाचवताना घरातलं कोणी गमावलं जातंय का, तेही पाहायला हवं.

नियम झाल्यावर आईपुढे पहिल्यांदाच दोन अख्खे, गरम, चुनाने भरलेले रोल ठेवले. तिने बराच वेळ "माका इतक्या नको" वगैरे केलं. मग एक खाल्ला. सावकाश, दोन्ही बाजूंनी बघून. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. कडा, बाठ, खरवड आणि शेपटी यांविषयी या बाईने आजवर तक्रारीचा एक शब्द काढलेला नाही. मधला भाग पोटात जाऊन मिनिटही झालं नसेल, तिने कपाळाला आठी घातली आणि म्हणाली,

"गूळ कमी पडलो."

सूनबाईचा चेहरा उतरला. मला मात्र फार बरं वाटलं. तक्रार करायची म्हणजे आधी आपला हक्क आहे असं वाटावं लागतं. दुसऱ्या दिवशी चुनात गूळ जास्त पडला.